अझारिया प्रुइटचा डावा कान

अझारिया प्रुइट वकील झाला, जज्ज झाला, पुढं असेंब्लीत जाऊन बसला. पण आमच्या फ्लॅट लिक परगण्यात कुणी त्याची ओळख विचारली तर लोक आधी त्याचा डावा कान सांगत. तो अर्धाच होता. वरचा अर्धा लेम्युएल गँटनं दातानं तोडला होता.

ते घडलं तेव्हा दोघंही केंटकीत नवे होते, म्हणजे अजून पोचलेच नव्हते. कॅरोलायनातून खेचरं घेऊन डोंगराच्या खिंडीतून येत होते. मुक्कामाला कढईत डुकराचा शेवटचा तुकडा उरला आणि तो कुणाचा यावरून लागले. बघायला तिसरं कुणी नव्हतं, खेचरं सोडून. आमच्याकडच्या मारामारीत सुरा काढत नाहीत. नखं, दात, अंगठे देवानं दिलेत तेवढे वापरायचे. लेम्युएलनं दात वापरले. दुसऱ्या दिवशी दोघंही ओझं नसलेल्या एकाच खेचरावर आळीपाळीनं बसत फ्लॅट लिकला उतरले, अझारियाच्या डोक्याला फडकं, लेम्युएलचं नाक सुजून बटाट्याएवढं. तुकडा कुणी खाल्ला ते मात्र दोघांनी कधी सांगितलं नाही.

कान जाणं आमच्याकडं काही मोठी गोष्ट नव्हती. गोम वेगळीच होती. खोटी शपथ घेतली किंवा दुसऱ्यांदा डुक्कर चोरताना सापडला, तर गड्याचा कान खांबाला खिळ्यानं ठोकत आणि सुऱ्यानं कापून त्याला सोडवत. म्हणजे अर्धा कान ही सरकारी मोहर झाली. नवा माणूस गावात आला की आम्ही आधी त्याचे कान बघायचो, मग नाव विचारायचो. म्हणून मारामारीत कान गेला की शहाणा माणूस रक्त थांबताच कचेरी गाठायचा आणि नोंद करून घ्यायचा, की हा दातानं गेला, सुऱ्यानं नव्हे.

अझारिया शहाणा होता. खेचरावरून उतरला तो थेट लाकडी कचेरीत. कारकून इनॉक टॉलिव्हर टेबलाशी मक्याची भाकरी ताकात कुस्करून खात बसला होता.

"लिवून घ्या," अझारिया म्हणाला. "डावा कान. वरचा अर्धा. चावून तोडलेला."

"नाव?"

"अझारिया प्रुइट."

इनॉकनं बोटं पुसली, हाताला लागली ती वही ओढली, लिहिलं, आणि पुन्हा ताकात हात घातला. अझारियाला तेव्हा वाचता येत नव्हतं. लिहिलं एवढं त्यानं पाहिलं आणि निघाला.

वाचायला तो पुढं दोन वर्षांत शिकला, तेही एका फाटक्या कायद्याच्या पुस्तकावर. पुस्तकाची पहिली चाळीस पानं उंदरांनी नेली होती. त्यामुळं कायदा सुरू कुठून होतो हे त्याला कधीच नीट कळलं नाही, पण संपतो कुठं ते पाठ होतं. वकिलीत त्याला ते बरं पडलं. जमिनीचे खटले तेव्हा गवतासारखे उगवायचे. दुसरे वकील कागद फडकवायचे. अझारिया बूट चढवून त्या झाडापर्यंत चालत जायचा, ज्या झाडापासून जमीन मोजली होती. कचेऱ्यांच्या फेरीवर असताना तो, विरुद्ध बाजूचा वकील आणि जज्ज एकाच खाटेवर झोपायचे. मधल्याला ऊब, कडेच्यांना भांडण.

मग तो स्वतःच जज्ज झाला. एकदा मधमाश्यांच्या झाडावरून एक पाद्री आणि एक पिंपं करणारा भांडत आले. अझारियानं खटला झाडाखालीच नेला. निकाल दिला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, पण निकाल दोघांनी मानला. जो माणूस आपल्यासाठी इतक्या माश्या चावून घेतो, त्याच्यावर रागवायचं कसं.

त्याची बायको थर्झा मागावर बसायची आणि जीभ धोट्यासारखी चालवायची. अझारिया असेंब्लीला उभा राहतोय हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात आता तीन बापये झाले. वकील, जज्ज, आन् ह्यो नवा पुढारी. जेवाया मातूर एकच येतो आन् तिघांचं खाऊन जातो."

ते साल अठराशे नऊ. समोर उभा होता कर्नल बुकर स्ट्रदर. नदीकाठची सगळी काळी जमीन त्याची, तंबाखूची शेतं त्याची, आणि त्या शेतांत राबणारी चाळीस गुलाम माणसंही तो आपलीच म्हणायचा. कर्नल उघड काही बोलायचा नाही. गिरणीवर दळण टाकून उभा राहायचा आणि हळूच सोडायचा, "मी काय म्हनत न्हाई बरं का. पर प्रुइट हिकडं आला तवा कान अर्धाच घेऊन आला. कॅरोलायनात खोट्या शपथंला काय शिक्षा असती, तुमाला ठावंच हाय."

आठ दिवसांत ते परगणाभर झालं. अझारियाला राग आला नाही. तो हसला. खानावळीच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "कचेरीत चला. हुकुमांच्या वहीत पंधरा वर्सांमागं लिवून ठिवलंय. ज्याला वाचता येतंय त्यानं वाचा, न्हाई येत त्यानं ऐका."

तीसेक माणसं मागं निघाली. इनॉकनं वही काढली. त्या सालाचं पान आलं. पुढचं आलं. मागचं आलं. कुणाची दारूची परवानगी, कुणाचं मृत्युपत्र, रस्त्याची दुरुस्ती. कान कुठं नव्हता.

"मी लिवलं हाय," इनॉक म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "माझ्या हातानं लिवलं हाय."

"हात तुमचाच असंल," मागून कुणीतरी म्हणालं, "कान कुनाचा व्हता तेवढं सांगा."

इनॉक त्या दिवशी घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अझारियाच्या अंगणात आला, काखेत दुसरीच वही, आणि तोंड असं की घरात कुणी मेलंय.

"घावलं," तो म्हणाला.

"मग रडतोस कशाला?"

"वही बगा."

ती डुकरांच्या कानखुणांची वही होती. आमच्याकडं डुकरं रानात मोकळी चरतात. कुणाचं कुठलं हे कळावं म्हणून ज्यानं त्यानं आपल्या डुकरांचे कान ठराविक तऱ्हेनं कापायचे आणि ती खूण कचेरीत नोंदवायची. एकाचा उजव्या कानाचा शेंडा उडवलेला, दुसऱ्याची डाव्याला चीर, तिसऱ्याचं भोक. इनॉकनं त्या दिवशी भाकरी खाता खाता कान हा शब्द ऐकला आणि कानाची वही ओढली. पानाच्या मध्यावर, दोन डुकरवाल्यांच्या बरोबर मधे, त्याचंच अक्षर होतं: *अझारिया प्रुइट. डावा कान, वरून चावा.*

थर्झा आतून आली. तिनं ते वाचलं, आणि हसू दाबायला हातातलं सूत तोंडाला लावलं.

अझारिया मात्र हसला नाही. कारण कानखुणांच्या भाषेत चावा म्हणजे दातानं घेतलेला चावा नव्हे. कानाच्या कडेला सुऱ्यानं अर्धचंद्रासारखा तुकडा काढतात, त्याला आमच्याकडं चावा म्हणतात. चावल्यासारखा दिसतो म्हणून.

कर्नलला हे कळायला दुपार लागली नाही. संध्याकाळी खानावळीत त्यानं ती वही सगळ्यांना वाचून दाखवली. सरकारी वही, कुणीही मागून वाचावी. "हितं वर काय लिवलंय? जोनास क्रिब, उजवा कान, खालून चावा. का रं जोनास, तू काय डुकराच्या कानाला तोंड लावलं व्हतंस?"

जोनास क्रिब गिरणीवाला. तो म्हणाला, "न्हाई बा. सुऱ्यानं."

"सुऱ्यानं," कर्नल म्हणाला आणि वही मिटली.

त्या दिवसापासून अझारिया रस्त्यानं निघाला की कुणीतरी कुंपणाआडून डुकरासारखं घुरकायचं. नोंद नसती तर परवडलं असतं. नोंद होती आणि तीच उलटी साक्ष देत होती.

आता खरं सांगू शकणारा जगात एकच माणूस उरला. लेम्युएल गँट. आणि लेम्युएल कोठडीत होता. कर्नलचंच डुक्कर चोरल्याचा आरोप. त्याच्या धुराड्यात मांस टांगलेलं सापडलं, कान मात्र सापडले नाहीत, आणि बिनकानाचं मांस म्हणजे आमच्याकडं चोरीचं मांस. तसा लेम्युएल खानावळीत पंधरा वर्षं कानाची गोष्ट सांगत आला होता, पण तो कढईनं अस्वल मारल्याचीही सांगायचा. शपथेवर सांगितल्याशिवाय त्याचं कुणी खरं धरत नव्हतं. आणि चोरीची शिक्षा लागली की माणसाची शपथ मेली. मग त्यानं बायबल डोक्यावर घेऊन नाचावं, कोर्ट ऐकत नाही.

खटला गुरुवारी. मतदान सोमवारपासून तीन दिवस. खुर्चीवर अझारिया प्रुइट.

बुधवारी इनॉक पुन्हा आला. आपल्या चुकीची भरपाई करायची म्हणून उपाय घेऊनच आला होता. "जज्जसायेब, खटला फुडल्या बैठकीला ढकला. कायद्यात बसतंय. तवर लेम्युएलची शपथ घिऊन कागुद करू."

"फुडली बैठक कदी?"

"तीन म्हैन्यांनी."

"सहा आठवडं तो कोठडीत हाय. आनखी तीन म्हैनं बसला तर त्याचा मका कोन काढंल? तू?"

"मग आज शपथ घ्या, उद्या खटला चालवा."

"आन् लोक काय म्हनतील? जज्जानं आदी चोराकडनं साक्ष काढली, मग त्याचा निकाल केला. सोडला तर म्हनतील साक्षीचा मोबदला. फटकं दिलं तर म्हनतील कानाचा सूड. तसली साक्ष घिऊन मी काय करू, चुलीत घालू?"

इनॉक गेल्यावर थर्झा मागावरून उठली. "हरलात तर?"

"हरलो तर जज्ज हायच की."

"कापल्या कानाचा जज्ज? आवं, ही असेंब्लीची गोष्ट ऱ्हाईली न्हाई. उद्या कुठल्याबी चोराला शिक्षा सांगाल, तर त्यो म्हनंल, तुमची तुमी भोगली, आता माझी सांगाया बसला व्हय. खुर्चीबी जाईल."

अझारियाला हे कळत होतं. त्यानं ताट ओढलं आणि तिघांचं जेवला.

गुरुवारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. खटल्याला वेळ लागलाच नाही. बारा पंच मागच्या खोलीत गेले, तंबाखूची एक पिचकारी टाकली आणि दोषी म्हणून परत आले. डुक्कर लेम्युएलनं चोरलं होतं, याबद्दल लेम्युएललाही शंका नव्हती.

आमच्या कोर्टात शिक्षा सांगायच्या आधी आरोपीला विचारतात, काही बोलायचंय का. तेवढा वेळ त्याची शपथ जिवंत असते. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. कर्नल पहिल्या बाकावर होता, तो पुढं सरकून बसला.

"लेम्युएल गँट," अझारिया म्हणाला, "काय बोलायचं हाय?"

लेम्युएल उठला. पन्नाशीचा, खांदे बैलासारखे, केस पार गेलेले. "हाय. तुमच्या कानाचं."

"कान आज पटावर न्हाई. डुकराचं बोल."

"डुकराचं काय बोलू? चवदार व्हतं."

लोक हसले. अझारियानं टेबलावर थाप मारली.

"ऐका, जज्ज," लेम्युएल म्हणाला. "आत्ता बोललो तर शपथंवर बोलीन. तुमी शिक्षा सांगितली की माझं बोलनं वाऱ्यावर गेलं."

"ठावं हाय मला."

"मग बोलू द्या की."

"डुकराचं काय उरलंय?"

"डुकराचं कायबी उरलं न्हाई. खाल्लं सगळं."

"मग बस खाली."

लेम्युएल उभाच राहिला. शेरीफनं खांद्यावर हात ठेवून बसवला. अझारियानं शिक्षा सांगितली: वीस फटके. गड्याचं वय बघून दोन खेपांत, दहा उद्या, दहा मतदान आटोपल्यावर शनिवारी. कर्नलनं उठून कान मागितला. अझारिया म्हणाला, "पैलाच गुन्हा हाय, कर्नल. कायद्यात कान बसत न्हाई. बसत असता तर दिला असता." आणि दौतीत टाक बुडवून सही केली. 

सोमवारी मतदान सुरू झालं. आमच्याकडं मत चिठ्ठीवर नसतं. कचेरीसमोर टेबल, शेरीफ मधे, दोन्ही उमेदवार दोन बाजूंना. मतदारानं पुढं यायचं, मोठ्यानं नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून आभार मानायचे. कर्नलनं झाडाखाली अख्खा बैल भाजायला लावला होता आणि दारूची चार पिंपं ठेवली होती. अझारियाचं एकच पिंप होतं, तेही पातळ. लोक यायचे, आधी घुरकायचे, मग म्हणायचे, "स्ट्रदर." दुपारपर्यंत अझारिया अडतीस मतांनी मागं पडला. तो प्रत्येक घुरकण्याला मान लववून हसत होता. घाम मात्र पुसत नव्हता.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि लेम्युएल आला. शुक्रवारचे दहा पाठीवर होते, अंगरखा चिकटला होता.

"तुला मत न्हाई," शेरीफ म्हणाला.

"मत द्याया आलोच न्हाई."

"शपथबी चालायची न्हाई तुझी."

"शपथ कोन घालतंय." लेम्युएल कर्नलकडं वळला. "कर्नल, तुमी परगणाभर सांगत सुटलाय, ह्या कानावर सुरा चालला. डुक्कर मी चोरलं. त्याचं धा हितं पाठीवर हायत, मोजून घ्या. पर कान मी चोरला न्हाई. समोरासमोर तोडलाय, ह्यो गडी जवान व्हता तवा, आन् ह्यानं माझं नाक फोडलं तरी सोडला न्हाई. आयुक्षात एक काम धड केलं, आन् त्ये तुमी जल्लादाच्या नावावर घालून मोकळं झाला."

"चोराचं बोलनं कुनी ऐकावं?" कर्नल शेरीफला म्हणाला.

"बोलनं नका ऐकू. दात बगा." लेम्युएलनं तोंड उघडलं. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर आडवे चढलेले, मधे बारकी फट. "जज्ज, या हिकडं."

सगळे अझारियाकडं बघू लागले. तो उठला. "आज हितं कोर्ट न्हाई," तो म्हणाला. "आज मी निस्ता उमेदवार हाय." आणि टोपी काढून टेबलावरून वाकला.

थर्झा गाडीतून ओरडली, "जपून. त्येवढाच अर्धा उरलाय."

लेम्युएलनं त्या कानाच्या तुटक्या कडेला अगदी हळू दात टेकवले, गाय वासराला हुंगते तसे. जोनास क्रिब गिरणीवाला डोळे बारीक करून जवळ गेला. कानाची कड सरळ नव्हतीच. मधे मांसाचा एक कणीएवढा कोंब उरला होता, इतकी वर्षं सगळ्यांनी पाहिलेला, कुणीच न बघितलेला. तो कोंब बरोबर त्या फटीत गेला.

"बसतंय," जोनास म्हणाला.

"काय बसतंय?" मागून कुणीतरी.

"कुलपात किल्ली बसावी तसं बसतंय. सुऱ्याला मधे फट नसती." जोनास सरळ झाला. "आन् चावा म्हंजी सुऱ्याचा हे मीच सांगितलं व्हतं. म्या डुकराचं सांगितलं. मानसाचं इचारलं नव्हतं कुनी."

मग रांगच लागली. मत द्यायला आलेला प्रत्येक गडी आधी कान बघायचा, मग दात बघायचा. लेम्युएलचा जबडा दुखायला लागला तेव्हा त्यानं अझारियाच्या पातळ पिंपातली दारू मागितली आणि नावं ठेवत प्यायला. शेरीफनं कर्नललाही बोलावलं. कर्नल म्हणाला, मला लांबून दिसतं. त्यावर जे हसू फुटलं ते झाडाखालच्या बैलापर्यंत गेलं. घुरकणं बंद झालं. बुधवारी संध्याकाळी मोजलं तेव्हा अझारिया सव्वीस मतांनी पुढं होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं उमेदवार एकमेकांना मत देतात, तेव्हा कर्नललाही उठून "प्रुइट" म्हणावं लागलं. त्यानं ते म्हटलं, पण दात न उघडता.

लोक अझारियाला खांद्यावर घ्यायला धावले. तो गर्दीतून बाजूला झाला. लेम्युएल गाडीच्या चाकाला हात लावून उभा होता, टेकता येत नव्हतं म्हणून. थर्झानं त्याच्या हातात चरबीचं मडकं दिलं, पाठीला लावायला.

"ही आमच्याच डुकराची हाय," ती म्हणाली. "कान दावू का?"

लेम्युएल हसला. मग अझारियाला म्हणाला, "आन् शनवारचं धा?"

भोवती दहा-पंधरा माणसं होती. कुणाला वाटलं, आता तरी हा ते माफ करील.

"शनवारी," अझारिया म्हणाला. "सकाळी धा वाजता. उशीर करू नगंस."

लेम्युएलनं मडकं काखेत घेतलं. "माफ केलं असतंत तर लोक म्हनलं असतं, दात भाड्यानं आनलं."

"म्हनून तर."

शनिवारी लेम्युएल पावणेदहालाच आला. अंगरखा त्यानं स्वतःच उतरवला, घडी करून खुंटीला लावला, आणि शेरीफ चाबूक शोधत होता तोवर खांबाला हात टेकून जमलेल्यांना कानाची गोष्ट पहिल्यापासून सांगत उभा राहिला.